शंभर सेंटचा डॉलर: मार्क ट्वेनची दिवाळखोरी आणि परतफेड

हे प्रकरण कशाचं

१८९६च्या जानेवारीत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात साठ वर्षांचा एक अमेरिकन पाहुणा खोकल्याने बेजार होऊन पडला होता. कार्यक्रम ठरलेले आणि वक्ता अंथरुणात. काही दिवसांनी तो उठला, नॉव्हेल्टी थिएटरच्या रंगमंचावर जाऊन उभा राहिला आणि भरलेल्या सभागृहाला त्याने पोट धरून हसवलं. त्याचं खरं नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. जग त्याला मार्क ट्वेन म्हणतं.

मुंबईबद्दल आणि विशेषतः इथल्या आगाऊ कावळ्यांबद्दल त्याने जे लिहिलं, ते पुष्कळांना माहीत असतं. तो इथे कशासाठी आला होता, हे कमी जणांना ठाऊक असतं. डोक्यावर कर्ज होतं. ते फेडायला बोलण्याखेरीज दुसरं काही विकण्यासारखं हाताशी नव्हतं, म्हणून तो जगभर बोलत फिरत होता.

हा लेख त्या कर्जाचा आहे: ते कसं झालं, कुणी काय सांगितलं, त्याने काय ऐकलं आणि ते कसं फिटलं. ही गोष्ट सांगणारे सहसा एकच वाक्य सांगतात. कायद्याने निम्म्यावर सुटका होत असतानाही त्याने पै न पै फेडली. ते खरंच आहे. पण त्याच्या आधीच एका तेल कंपनीच्या मुरब्बी माणसाने त्याच्याकडून एक रुक्ष, कागदोपत्री व्यवस्था करून घेतली होती. ती नसती तर हा मोठेपणा करायला ट्वेनपाशी काही उरलंच नसतं. मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटतं ते त्या कागदांमुळे.

पार्श्वभूमी

ट्वेनचा जन्म १८३५चा. मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात तो वाढला. बाप अकराव्या वर्षी गेला. मागे रोकड नव्हती, होती ती टेनेसीतली हजारो एकर पडीक जमीन. आज ना उद्या तिचं सोनं होईल, या आशेवर ते घर वर्षानुवर्षं जगलं. सोनं कधीच झालं नाही. या जमिनीने आपल्या घराचं किती नुकसान केलं ते ट्वेनने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि तरीही ती सवय त्याच्या अंगातून गेली नाही. जमिनीची जागा फक्त यंत्रांनी घेतली.

शाळा सुटल्यावर तो छापखान्यात उमेदवारीला लागला आणि जुळारी झाला. नंतर नदीवरच्या आगबोटीचा पायलट, मग नेवाडात चांदी शोधणारा, मग बातमीदार. १८६९मध्ये त्याचं पहिलं मोठं प्रवासवर्णन धडाक्याने खपलं. १८७०मध्ये एल्मायराच्या एका धनवान कोळसा व्यापाऱ्याच्या मुलीशी, ऑलिव्हिया लँगडनशी, त्याचं लग्न झालं. घरात तिला लिव्ही म्हणत. हार्टफर्डला त्यांनी मोठं घर बांधलं आणि १८७४मध्ये तिथे राहायला गेले. नोकरचाकर, पाहुणे, मेजवान्या. लेखकाच्या मिळकतीवर चालण्यासारखा तो संसार नव्हता. लिव्हीच्या माहेरचा पैसा मदतीला होता.

याच काळात त्याने कपड्याच्या पट्ट्याचं एक पेटंट घेतलं, आणि १८७३मध्ये आयता डिंक लावलेल्या पानांच्या कात्रणवहीचं दुसरं. ही वही खरोखर विकली गेली. मला वाटतं, ती खपलीच नसती तर बरं झालं असतं. आपल्याला धंद्यातलं कळतं, असा त्याचा समज तिथून पक्का झाला.

दुसरा समज प्रकाशकांबद्दलचा होता. आपलं पुस्तक विकून प्रकाशक गबर होतो आणि लेखकाच्या हाती चिंचोके येतात, हा संशय त्याला कायम छळत असे. तेव्हा १८८४मध्ये त्याने स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढली आणि ती भाचजावई चार्ल्स वेबस्टरच्या नावाने चालवायला दिली. त्या काळच्या अमेरिकेत मोठी पुस्तकं दुकानांत कमी आणि दारोदार जास्त विकली जात. एजंट नमुन्याची प्रत घेऊन शेतावर, खेड्यात जायचा, आगाऊ मागणी नोंदवायचा आणि मग पुस्तक छापलं जायचं. हा धंदा ट्वेनला आतून माहीत होता. त्याची स्वतःची 'हकलबरी फिन' ही कादंबरी संस्थेने याच मार्गाने बाजारात आणली.

लगोलग संस्थेच्या हाती घबाड लागलं. माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट आर्थिक फसवणुकीत बुडाले होते, घशाच्या कर्करोगाने आजारी होते आणि आठवणी लिहीत होते. एक मासिकवाली कंपनी त्यांना दहा टक्के देऊ करत होती. ट्वेनने निव्वळ नफ्यातले सत्तर टक्के देऊ केले. ग्रँट जुलै १८८५मध्ये गेले, लिखाण जेमतेम पुरं करून. दोन खंडांचे तीन लाखांवर संच खपले. फेब्रुवारी १८८६मध्ये ग्रँट यांच्या विधवेला दोन लाख डॉलरचा एकच चेक गेला आणि पुढे एकूण रक्कम चार लाखांच्या वर पोचली.

आता हा माणूस स्वतःला कोण समजत असेल, याची कल्पना करा.

अडचण कशी वाढली

भोकं दोन होती आणि दोन्हींतून एकाच वेळी पाणी शिरत होतं.

पहिलं प्रकाशनसंस्थेचं. ग्रँटसारखा विषय शतकात एकदा मिळतो, ही गोष्ट वेबस्टरच्याही ध्यानात आली नाही आणि ट्वेनच्याही. पुढचं घबाड म्हणून त्यांनी पोप लिओ तेरावे यांचं चरित्र काढलं. प्रत्येक कॅथलिक घर एक प्रत घेणारच, असा हिशेब होता. वेबस्टर रोमला जाऊन पोपना भेटून आला, मानाची पदवीसुद्धा घेऊन आला. पुस्तक पडलं. मधल्या काळात हिशेबनीसाने पंचवीसेक हजारांची अफरातफर केली. वेबस्टर आजारी पडून १८८८मध्ये बाहेर पडला आणि १८९१मध्ये चाळिशीच्या आतच वारला. ट्वेनने पुढे सगळं खापर त्याच्यावर फोडलं, ते मला पटत नाही. गल्ल्यातला पैसा कोण उचलत होतं, ते पुढे येईलच.

त्याच्या जागी फ्रेड हॉल नावाचा तरुण आला. संस्थेचं तेव्हाचं मोठं काम म्हणजे अमेरिकन साहित्याचा अकरा खंडांचा संच. काम चांगलं होतं आणि मागणीही होती, पण हा संच हप्त्यांवर विकला जायचा. छपाई, बांधणी, एजंटाचं कमिशन यांचा पैसा आज जायचा आणि गिऱ्हाइकाचा पैसा महिन्या-महिन्याने थेंबाथेंबाने यायचा. जितका खप जास्त, तितका पैसा जास्त अडकायचा. गंगाजळी नसेल तर अशा विक्रीत यशानेच धंदा मरतो. आणि गंगाजळी शिल्लक नव्हती, कारण दुसरं भोक ती गिळत होतं.

ते भोक म्हणजे जेम्स पेज नावाच्या माणसाचं कंपोझिंगचं, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवायचं, यंत्र.

ज्यांनी जुने छापखाने पाहिलेत त्यांना हे चटकन कळेल. जुळारी केससमोर, म्हणजे खणांच्या पेटीसमोर, उभा राहून एकेक खिळा, म्हणजे धातूचं अक्षर, उचलतो आणि स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, लावतो. ओळ पुरी झाली की शब्दांमधल्या मोकळ्या जागा कमीजास्त करून ती दोन्ही कडांना बसवतो. छपाई झाली की तेच खिळे सोडवून परत ज्या त्या खणात टाकतो. काम डोळे आणि कंबर मोडणारं. पेजचं यंत्र हे तिन्ही करायचं: खिळे लावायचं, ओळ बसवायचं, खिळे परत खणात टाकायचं. म्हणजे जुळाऱ्याचा हात जसा चालतो, तसाच तो लोखंडात उतरवलेला होता. त्यासाठी अठरा हजार सुटे भाग लागत. एक भाग रुसला की सगळं थांबायचं.

त्याच सुमारास ओटमार मर्गेंथालरने प्रश्न दुसऱ्या टोकाने पकडला. लायनोटाइपमध्ये खिळे उचलायचेच नाहीत. अक्षरांचे साचे ओळीत आणायचे, त्यांवर वितळलेला धातू ओतायचा आणि अख्खी ओळ एका तुकड्यात ओतून घ्यायची. छपाईनंतर ती पुन्हा वितळवायची. खिळे परत खणात टाकण्याचं कामच उरलं नाही. १८८६मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये हे यंत्र चालू झालं. नेमक्या त्याच वर्षी ट्वेनने पेजशी करार करून, यंत्र पुरं होईपर्यंतचा खर्च अंगावर घेतला.

१८८०मध्ये दोन हजार डॉलरने सुरुवात झाली होती. पुढे महिन्याला तीन हजारांच्या घरात पैसा जाऊ लागला. ग्रँटच्या पुस्तकाचा नफा गेला, लिव्हीच्या वारशातला पैसा गेला. एकूण आकडा तीन लाखांच्या आसपास सांगितला जातो. ट्वेन स्वतः जुळारी होता, म्हणून त्याला हे काम किती किचकट आहे ते ठाऊक होतं आणि म्हणूनच ते करणारं यंत्र पाहून तो वेडा झाला. आडाणी माणूस कदाचित वाचला असता. ज्याला दुखणं माहीत असतं, तोच औषधवाल्याला भुलतो.

जानेवारी १८८९मध्ये यंत्राने खरोखर ओळ लावून आणि बसवून दाखवली. ट्वेनने तारीखवार, वेळेसकट ते टिपून ठेवलं, भावाला आणि ओळखीच्यांना पत्रं पाठवली. हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णयबिंदू. यंत्र त्या दिवशी चालत होतं. तसंच ते बाजारात नेता आलं असतं. पेजला ते आणखी सुधारायचं होतं. त्याने ते पुन्हा खोललं आणि ट्वेनने खोलू दिलं.

जून १८९१मध्ये हार्टफर्डचं घर बंद करून कुटुंब युरोपला गेलं, कारण तिथे खर्च कमी होता. १८९३ला अमेरिकेत मंदीचा तडाखा बसला, बँका कोसळल्या, कर्ज मिळेना. त्या उन्हाळ्यात ट्वेन हॉलला लिहीत होता की मला काहीही करून धंद्यातून बाहेर काढ.

समोरचे पर्याय

शरद ऋतूत न्यूयॉर्कला एका डॉक्टर मित्राने त्याची हेन्री हटलस्टन रॉजर्सशी गाठ घालून दिली. रॉजर्स म्हणजे स्टँडर्ड ऑइलमधला बडा माणूस. धंद्यात इतका कठोर की लोक त्याला नरकातला शिकारी कुत्रा म्हणत. पण ट्वेनची पुस्तकं त्याला मनापासून आवडत. त्याने संस्थेचे कागद मागवले, वाचले आणि काही दिवसांत तो अकरा खंडांचा संच आपल्या जावयाला पन्नास हजारांना विकवून टाकला. मग पेजला समोर बसवून नव्या करारावर सही घेतली. ट्वेनला वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते.

तरी एप्रिल १८९४मध्ये बँकेने हुंड्यांची मुदत वाढवून द्यायला नकार दिला. आता तीन वाटा होत्या.

पहिली, आणखी पैसा ओतायचा. शिकागोला यंत्राची चाचणी होणार होती. ती यशस्वी झाली की सगळं फिटेल, हा हिशेब. टेनेसीच्या जमिनीचाच हा हिशेब होता, नुसतं नाव बदललेलं.

दुसरी, जे आहे ते सगळं धनकोंपुढे ठेवायचं: घर, पुस्तकांचे हक्क, सगळं. लिव्हीचा कल इकडे होता. धंद्यात बुडणं म्हणजे बेअब्रू, ही भावना तिच्या मनातून जात नव्हती. बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने ते कळवळून लिहिलं आहे. ट्वेनलाही असं सगळं देऊन टाकणं शोभणारं वाटत होतं.

तिसरी वाट रॉजर्सची. संस्था कायदेशीरपणे धनकोंच्या स्वाधीन करायची, पण पुस्तकांचे हक्क त्यात घालायचे नाहीत. लिव्हीने संस्थेला साठ हजारांच्या आसपास स्वतःचा पैसा उसना दिला होता. म्हणजे सगळ्यांत मोठी धनको तीच. तेव्हा हक्क तिच्या नावावर, आणि घरही तिचंच.

आजचा वाचक इथे भुवया उंचावेल. मालमत्ता बायकोच्या नावावर करून दिवाळं काढायचं, हा प्रकार आपल्याला नवा नाही, आणि त्याचा वास चांगला नसतो. धनकोंपैकी काहींना तसंच वाटलं. त्यांनी हक्क आणि घर मागितलं. रॉजर्सने ठाम नकार दिला. त्याचा मुद्दा असा की लिव्हीचं येणं खरं आहे, कागदावर आहे, आणि आज मंदीत हे हक्क लिलावाला काढले तर कवडीमोलाने जातील. ते लेखकाच्या हाती राहिले तर त्यातूनच धनकोंना पैसा मिळेल.

माझं मत रॉजर्सच्या बाजूचं आहे, थोडं चाचरत. येणं खरं होतं म्हणून ही व्यवस्था लबाडी ठरत नाही. पण ती लबाडी होती की नाही हे शेवटी पुढच्या वागण्यावर ठरणार होतं. ट्वेनने पन्नास सेंटवर हात झटकले असते, तर याच कागदांकडे इतिहासाने वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

१८ एप्रिल १८९४ रोजी सही झाली. धनको शंभराच्या आसपास, बाहेरचं देणं लाखाच्या घरात.

काय केलं

यंत्राची आशा त्यानंतरही आठ महिने जिवंत होती. शिकागो हेरल्डच्या छापखान्यात त्याची चाचणी झाली. ते चालायचं, अडायचं, दुरुस्त व्हायचं, पुन्हा अडायचं. वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्री यंत्र अडून चालत नाही. डिसेंबरमध्ये पॅरिसला ट्वेनच्या हाती रॉजर्सचं पत्र पडलं: संपलं. चौदा वर्षांचं भिजत घोंगडं एका पत्रात वाळलं. पुढे आत्मचरित्रात ट्वेनने लिहिलं की हा पेज पोलादी सापळ्यात सापडला, तर मी सगळी मदत लांब ठेवून तो मरेपर्यंत सापळा बघत बसेन.

यंत्र गेलं तेव्हा कुठे दुसरा निर्णय खरा झाला. कायद्याने डॉलरमागे पन्नास सेंटवर मिटत होतं. लिव्हीने शंभर म्हटलं. रॉजर्सनेही, आश्चर्य म्हणजे, तेच म्हटलं. त्याचं म्हणणं असं की धंदेवाला पन्नासावर सुटू शकतो, लेखकाला ते परवडत नाही, कारण त्याचं नाव हाच त्याचा माल असतो. म्हणजे लिव्हीला जे अब्रूपोटी हवं होतं, तेच रॉजर्सला हिशेबानेही बरोबर दिसत होतं. ऑगस्ट १८९५मध्ये व्हँकुव्हरहून ट्वेनने वर्तमानपत्रांसाठी निवेदन दिलं. कायदा माणसाच्या मेंदूवर गहाणखत लिहून घेत नाही, पण अब्रू कायद्यापेक्षा कडक मालक आहे आणि ती शंभर सेंटांखाली तडजोड करत नाही, असा त्याचा आशय होता.

हे निवेदन फार चतुर होतं. खरं होतं आणि जाहिरातही होती. दौऱ्याच्या ऐन सुरुवातीला सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं की हा म्हातारा कर्ज फेडायला निघाला आहे. पुढे ज्या गावात तो गेला, तिथले लोक तिकीट काढताना धनकोंच्या यादीतलं एखादं नाव खोडल्याचं पुण्यही पदरात पाडून घेत होते.

दौरा मात्र सोपा नव्हता. निघण्याआधी पायाला काळपुळी होऊन तो दीड महिना एल्मायराला अंथरुणात होता. त्यातच छपाई-बांधणीच्या धंद्यातल्या एका धनकोने त्याला न्यूयॉर्कच्या कोर्टात खेचलं. १५ जुलै १८९५ला क्लीव्हलंडहून सुरुवात झाली. सोबत लिव्ही आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन एल्मायराला मावशीकडे राहिल्या. अमेरिका आणि कॅनडाचा भाग व्याख्यानांचे दौरे आखणाऱ्या मेजर पाँडने सांभाळला आणि व्हँकुव्हरपर्यंत पाचेक हजार डॉलर सुटले. मग बोटीने ऑस्ट्रेलिया. वाटेत होनोलुलूला पटकीची साथ म्हणून उतरू दिलं नाही. साठावा वाढदिवस न्यूझीलंडच्या दौऱ्यात गेला.

सिलोनवरून मुंबई. इथल्या मुक्कामाने त्याच्यातला लेखक जागा झाला, हे त्याच्या पानांवरून दिसतं. मलबार हिल, पारशांचा मनोरा, जैनांचा एक सत्कारसमारंभ, हॉटेलच्या बाल्कनीत हक्काने येऊन बसणारे कावळे. आणि एक प्रसंग असा की हॉटेलात एका युरोपियनाने नोकराच्या थोबाडीत मारली. तो नोकर काही न बोलता ती खाऊन कामाला लागला, आणि ट्वेन एका क्षणात मिझुरीतल्या आपल्या बालपणी, गुलामांच्या दिवसांत जाऊन पोचला. पैशासाठी निघालेल्या दौऱ्यातून चांगलं लिखाण निघालं, ते असल्या जागी. पुण्याला कार्यक्रम झाला, मग बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या राजवाड्यात. पुढे अलाहाबाद, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग करत तो थेट रावळपिंडीपर्यंत गेला. मध्ये खोकला आणि आजारपणाने तारखा रद्द कराव्या लागल्या ते वेगळंच. मार्चअखेर कलकत्त्याहून निघून मॉरिशस, दक्षिण आफ्रिका करत ३१ जुलै १८९६ला कुटुंब इंग्लंडला उतरलं. दोन्ही मुलींना तिकडे बोलावून घ्यायचं ठरलं होतं.

मुली आल्या नाहीत, तार आली. सूझी आजारी. लिव्ही आणि क्लारा लगेच बोटीने निघाल्या. त्या समुद्रावर असतानाच १८ ऑगस्टला सूझी मेंदूज्वराने गेली, हार्टफर्डच्या त्याच घरात, चोवीसाव्या वर्षी. ट्वेन गिल्डफर्डला एकटा होता. त्याला तारेनेच कळलं.

त्यानंतर त्याने लंडनमध्ये, लोकांपासून दूर राहून, दौऱ्याचं पुस्तक लिहिलं. कावळ्यांची ती गमतीदार पानं लंडनच्या त्या दिवसांत लिहिली गेली आहेत. मला ती आता पूर्वीसारखी वाचता येत नाहीत.

१८९७मध्ये आणखी एक वळण आलं. न्यूयॉर्क हेरल्डने त्याच्यासाठी जाहीर निधी उघडला. मालकाने हजार डॉलर घातले, उद्योगपती कार्नेगीने हजार. ट्वेन आधी तयार झाला होता. लिव्हीने नाही म्हटलं आणि त्याला मान्यता मागे घ्यायला लावली. निधी बंद झाला. शंभर सेंटचा शब्द लोकांच्या देणगीतून पाळला असता, तर तो पाळला असं कुणी म्हटलं नसतं. हे लिव्हीला दिसलं आणि त्याला दिसलं नाही.

परिणाम

दौऱ्याचा पैसा रॉजर्सकडे जमत होता. नोव्हेंबर १८९७मध्ये पुस्तक आलं आणि त्याच्या उत्पन्नाची त्यात भर पडली. १८९८च्या सुरुवातीला ट्वेन व्हिएन्नात असताना शेवटच्या धनकोचा पैसा चुकता झाला. चार वर्षांत तो पार झाला होता. अमेरिकेत बातमी पसरली. १९००मध्ये तो मायदेशी उतरला तेव्हा एखाद्या वीरासारखं त्याचं स्वागत झालं.

पुस्तकांचे हक्क घरातच होते. १९०३मध्ये रॉजर्सच्या मध्यस्थीने हार्पर कंपनीशी करार झाला आणि वर्षाला किमान पंचवीस हजार डॉलरची हमी मिळाली. १८९४मध्ये धनकोंनी मागितलेले, मंदीत कवडीमोलाने गेले असते ते हे हक्क. हार्टफर्डच्या घरात मात्र ते कुटुंब पुन्हा राहिलं नाही. सूझी जिथे गेली तिथे लिव्हीला राहवेना. घर १९०३मध्ये विकलं. पुढच्या वर्षी फ्लॉरेन्समध्ये लिव्ही गेली.

वेगळं काय करता आलं असतं

धंद्यात शिरूच नये होतं, हे म्हणणं सोपं आहे. पण मग ग्रँटचं पुस्तक झालं नसतं आणि त्या विधवेला तो चेक मिळाला नसता. तेव्हा प्रश्न शिरण्याचा नाही.

माझ्या मते खरी चूक १८८६ची. यंत्राच्या कराराला वरची मर्यादा नव्हती. 'पुरं होईपर्यंत' हे शब्द लिहिताना, पुरं झालं असं ठरवायचं कुणी, हे लिहिलं नाही. ते ठरवणारा पेज होता, आणि पेजच्या लेखी ते कधीच पुरं होणार नव्हतं. १८८९च्या जानेवारीत रॉजर्ससारखं कुणी जवळ असतं तर त्याने यंत्र खोलू दिलं नसतं, आहे तसं गिऱ्हाइकाच्या छापखान्यात नेऊन लावलं असतं. कदाचित तिथेच ते अडलं असतं. पण मग तोटा पाच वर्षं आधी कळला असता आणि हार्टफर्डचं घर बंद करायची वेळ कदाचित आली नसती.

दुसरी, दोन धंद्यांचा एकच गल्ला. प्रकाशनसंस्थेतला नफा संस्थेत राहिला असता तर तो अकरा खंडांचा हप्त्यांचा व्यवहार तगला असता. वेबस्टरला दोष देताना ट्वेन हे विसरतो.

दौऱ्याबद्दल मी अजून साशंक आहे. साठीच्या आजारी माणसाने वर्षभर बोलत फिरण्याऐवजी युरोपात बसून लिहिलं असतं, हक्क शाबूत होतेच, तर दोन-तीन वर्षं जास्त लागली असती एवढंच. धनको थांबले असते का? बहुतेक थांबले असते. रॉजर्स होता. पण मग ते निवेदन, तो गाजावाजा, ते पुस्तक, यांतलं काही झालं नसतं. आणि सूझी वाचली असती का, हा प्रश्न ट्वेन मरेपर्यंत स्वतःला विचारत राहिला. त्याला बाहेरच्याने उत्तर देऊ नये.

राहता राहिला धडा शिकण्याचा मुद्दा. मार्च १८९८मध्ये व्हिएन्नात त्याची यान श्चेपानिक नावाच्या एका तरुण संशोधकाशी ओळख झाली. त्याचं यंत्र विणकामाच्या नक्षीचे आराखडे आपोआप तयार करायचं. ट्वेनने अमेरिकेच्या हक्कांची बोलणी सुरू केली, पंधरा लाख डॉलरचा आकडा कागदावर मांडला आणि रॉजर्सला उत्साहाने लांबलचक पत्र लिहिलं. रॉजर्सने चौकशी करून कळवलं की एवढी मागणी अमेरिकेत नाही, नाद सोड. शेवटचं कर्ज फिटून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.